सहा पंख्यांचा कॉम्प्युटर

मी आयुष्यात एकच कॉम्प्युटर विकत घेतला, आणि त्यात चित्र सोडून सगळं होतं.

हे सांगायला आता हरकत नाही. कारण केळझरपासून सेलूपर्यंत ही गोष्ट माहीत नसलेला माणूस उरलेला नाही. (एक होता, तो परवा बाजारात भेटला. त्याला मीच सांगून टाकली. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते बरं!)

आम्ही भाजीवाले. वांगी, फुलकोबी, सांभार (पुणेकरांनी कोथिंबीर वाचावं) आणि जोडीला थोडा कापूस. घरातली सगळी खरेदी माझ्याकडे, कारण भाव पाडण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही, असं माझं मत होतं. माझे नियम दोनच. वस्तू हातात घेऊन तोलून पाहायची, आणि ती आपल्याला हवी आहे हे दुकानदाराला मरेपर्यंत कळू द्यायचं नाही. लग्नाचा शालू घेतानासुद्धा मी दुकानदाराला सांगितलं होतं, "पाहा बुवा, लग्न ठरलंच हाय असं काई नाई!" सुनंदा, म्हणजे माझी होणारी बायको, तेव्हा शेजारीच बसली होती. ते ती अजून विसरलेली नाही.

तर आमची मुलगी मुक्ता बारावी पास झाली, वर्ध्याच्या कॉलेजात जाऊ लागली आणि एक दिवस माझ्या वडिलांसमोर, म्हणजे आबांसमोर, जाऊन उभी राहिली. घरची तिजोरी आबांकडे. मी फक्त घासाघीस करतो, नोटा ते मोजतात.

"आबा, मले कॉम्प्युटर पायजे. गेमिंगचा."

"म्हंजे कायचा?"

"ज्याच्यावर गेम खेळता येते."

"अन् अभ्यास?"

"तो बी होते. पण मले खेळाले पायजे."

(मुक्ता खोटं बोलत नाही. ही सवय तिला आईकडून आली आहे.)

आबांना हा रोखठोकपणा आवडला असावा. ते म्हणाले, "पन्नास हजार. वर एक रुपया नाई. अन् दिवाळीच्या पाडव्याले मले चालू करून दाखवजो. नाई चालला तं सारा माल वापस, अन् त्या पैशाच्या ठिबकच्या नळ्या."

ठिबकच्या नळ्या! मुक्ताचा चेहरा असा झाला, की त्या नळ्या तिच्या गळ्याभोवतीच गुंडाळायच्या आहेत.

त्यानंतर पोरीने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. एकेक भाग निवडायचा, त्याचा भाव पाहायचा, महाग पडला की दुसरा शोधायचा. शेवटी सगळं बरोबर पन्नास हजारात बसवलं आणि मला समजवायला ती वांग्याच्या वाफ्यात आली.

"बाबा, नीट ऐका. पैसे कमी हायेत म्हणून मी असा प्रोसेसर घेतला का ज्याले सोताले चित्र दाखवता येत नाई. म्हणून तो स्वस्त पडते. चित्राचं सारं काम ग्राफिक्स कार्ड करते. कार्ड महाग हाय, पण तेच मेन हाय. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. मी त्या वेळी वांग्यातली अळी पाहत होतो.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्ही बापलेक नागपूरला गेलो. जाताना एसटीने, येताना आमच्या गावच्या पांडूच्या पिकअपमधून; तो कळमन्याच्या मंडईत भाजी टाकून रिकामे क्रेट घेऊन परत येणार होता. कॉम्प्युटरच्या बाजारात शिरल्यावर मुक्ताने एक दुकान गाठलं, मालकाला सगळे भाग सांगितले आणि मला म्हणाली, "मी समोरच्या दुकानात मॉनिटरचा भाव पाहून येते. तुमी इथंच बसा. कायलेच हात लावू नका."

तिने असं म्हणायला नको होतं. मी हात लावला.

पहिलं खोकं प्रोसेसरचं. एवढंसं! लग्नात आहेर म्हणून दिलं तर पाहुणे रुसतील. मी ते हातावर तोललं आणि नुसतं "हं" म्हणालो. (हा "हं" मी मोठ्या कष्टाने कमावलेला आहे. भल्याभल्यांनी त्याला घाबरून किलोमागे दोन रुपये सोडलेले आहेत.) मग मालकाने ग्राफिक्स कार्ड काढलं. मी वाकून पाहिलं. एक काळी पट्टी आणि तिच्यावर दोन पंखे. बस्स!

"याचे किती?"

"काका, अठरा हजार. पोरीने एकदम सही कार्ड निवडलं आहे."

"दोन पंख्याचे अठरा हजार? सोन्याचे हायेत काय जी?"

"काका, ते पंखे नाही, खाली जे आहे ना..."

"खाली काय हाय ते मले नको सांगू!"

तेवढ्यात काचेच्या कपाटात मला ते दिसले. तसेच गोल, तसेच काळे, पण लाल-हिरव्या-निळ्या उजेडाचे पंखे! एका डब्यात तीन. मी भाव विचारला. दोन डबे घेतले तर तीन हजारात सहा! आता तुम्हीच सांगा, वर्धा जिल्ह्यात जन्मलेला माणूस, ज्याने उन्हाळ्याच्या भट्टीत अर्धं आयुष्य काढलं, तो दोन पंखे घेईल की सहा?

"हे सहा बसव. अन् ते दोनवालं वापस ठेव."

मालक चपापला. "काका, कार्ड कॅन्सल? मग डिस्प्ले कसा येईल? घरी आहे का कार्ड?"

आणि इथे माझ्यातला जातिवंत गिऱ्हाईक जागा झाला. समोरचा विचारतो आहे, म्हणजे माल गळ्यात मारायला पाहतो आहे. गरज दाखवली की मेलो!

"घरी?" मी हसलो. "घरी पडलं हाय एक. धूळ खाऊन राह्यलं."

"अच्छा, फिर तो कोई बात नहीं," मालक म्हणाला. "कार्ड घरचं आहे, तर टेस्टिंगपण घरीच करून घ्या."

उरलेल्या पैशांत मी सगळे भाग बसवायला दुकानातली सगळ्यात जड पेटी घेतली, उजेडाचा कीबोर्ड घेतला, ढोलाएवढे दोन स्पीकर घेतले. पैसे देताना म्हणालो, "वरून सांभार टाका काही!" मालकाने मुकाट्याने माउसखाली घालायचं एक रबर टाकलं. मुक्ता मॉनिटर घेऊन परत आली तेव्हा पेटी बंद होऊन गोणपाटात गुंडाळलेली होती आणि पांडू बाहेर हॉर्न वाजवत होता.

"बाबा, कार्ड नीट बसवलं ना त्याईनं?"

"तुह्या बापानं लक्ष घातलं हाय," मी म्हणालो. बिल खिशातच ठेवलं. घरी गेल्यावर सगळ्यांसमोर चकित करायचं होतं ना!

पाडव्याला तीन दिवस बाकी होते, पण दम कोणाला? त्याच संध्याकाळी समोरच्या खोलीत मांडणी झाली. त्या खोलीत आमचा कापूस होता. भाव वाढेल म्हणून आम्ही तो दरवर्षी घरातच भरून ठेवतो, आणि दिवाळीपर्यंत निम्मी खोली छतापर्यंत भरते. पण तीन पिनांचा धड सॉकेट घरात तेवढाच. म्हणून कापसाला पाठ लावून टेबल ठेवलं. सुनंदाने पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, अक्षता टाकल्या. (पेटीला वरून जाळी आहे. अक्षता थेट आत.) शेजारच्या वत्सलाकाकू, पांडू, गल्लीतली झाडून सगळी मंडळी दारात उभी. आबा खुर्चीवर. मी नारळ फोडला आणि मुक्ताने बटण दाबलं.

काय सांगू! सहाच्या सहा पंखे फिरले. आबांचं धोतर आधी लाल झालं, मग हिरवं, मग निळं.

"अवं माय वं!" वत्सलाकाकू म्हणाल्या. "गणपतीत बी एवढी लायटिंग नाई राहत!"

माझी छाती फुगली. तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "स्क्रीन काऊन काळी हाय?"

स्क्रीन काळीच होती. आम्ही वाट पाहिली. तरीही काळीच राहिली.

"थंडा असन," आबा म्हणाले. "डिझेल पंप बी पहिले तापू द्या लागते."

"वायर हालवून पाहा," पांडू म्हणाला आणि त्याने चुकून टेबल फॅनची वायर हलवली. टेबल फॅन बंद पडला, आणि त्या शांततेत आम्हाला एक बारीक सूं सूं आवाज ऐकू आला. सहा पंखे मागच्या ढिगातला कापूस ओढत होते! जाळीवर पांढरी लव चढली, लवेची दाढी झाली, आणि तिच्यातून लाल-हिरवा उजेड झिरपायला लागला.

"काऊन जी," सुनंदाने मला विचारलं, "हे कापूस बी वेचते काय?"

मुक्ताने बटण बंद केलं, पेचकस घेतला आणि पेटीची बाजू उघडली. आतून मूठभर कापूस आणि अक्षता निघाल्या. ती आत पाहतच राहिली.

"बाबा, कार्ड कुठी हाय?"

हाच तो क्षण! मी खाकरलो. दुकानदार कसा दोन पंख्यांचे अठरा हजार मागत होता, मी कसे तीन हजारात सहा घेतले, सगळं रंगवून सांगितलं. पांडूने तर "वा!" म्हटलं.

मुक्ता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच कापसाच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, "बाबा, ते पंखे नव्हते हो. ते चित्र होतं."

डोळे भरले होते तिचे. मला फार वाईट वाटलं. माझ्या पोरीने एवढे दिवस एकेक भाग जुळवून संसार मांडावा तसा मांडला होता आणि मी त्यातला जीवच दुकानात ठेवून आलो होतो.

आबा उठले. "मंग सांगू का नळ्यावाल्याले?"

"पाडव्याले वेळ हाय, आबा," मुक्ता डोळे पुसत म्हणाली. "मी उद्या जाते. बाबा, तुमी बी चला. ओझं उचलाले."

दुसऱ्या दिवशी मी भाजीच्या क्रेटमध्ये ती जड पेटी, कीबोर्ड आणि स्पीकर घालून (तोलून घेतलेलं वजन आता चांगलंच कळत होतं) नागपूरला पोहोचलो. दुकानाच्या दारात मुक्ता म्हणाली, "तुमी बाहेर थांबा."

"अवं, पण तो वापस घेणार नाई. मी बोलतो ना! त्याले म्हणतो, बाजूचा दुकानदार..."

"बाबा. बाहेर."

मी बाहेर थांबलो, पण कान आत. मालकाने पेटी पाहिली. जाळीतला कापूस पाहिला, मग स्वस्तिक पाहिलं, आणि सवयीने हात जोडले.

"बेटा, पूजा झालेला माल मी कसा परत घेऊ?"

आता ही घासाघीस करणार, दुसऱ्या दुकानाचं नाव घेणार, निघून जायचं सोंग करणार, असं मला वाटलं. पण माझी मुलगी सरळ म्हणाली, "भाऊ, आमच्या घरी कार्ड नाही. बाबा खोटं बोलले. आमच्याकडे एवढेच पैसे होते, अजून मिळणार नाहीत. पाडव्याला हे चाललं नाही तर सगळंच परत करावं लागेल. काही करता येईल का?"

मी कपाळावर हात मारला. गरज दाखवली! तीही एवढी! आता हा कापणार!

मालकाने जाळीवरची कापसाची लव बोटाने काढली. मग काचेतून माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "पेटी ठेवून घे, देवाचं नाव आहे तिच्यावर. दोन पंखे राहू दे. बाकी पंखे, कीबोर्ड, स्पीकर दे इकडे, बसवतो काहीतरी." नवीन कार्ड त्या पैशात बसेना, म्हणून त्याने एका गिऱ्हाइकाने बदलून दिलेलं जुनं कार्ड काढलं, साफ केलं, चालवून दाखवलं आणि साधा कीबोर्ड वरून फुकट दिला. आयुष्यभर घासाघीस करून मला कुणी कीबोर्ड दिला नव्हता. मला रबर मिळालं होतं.

पाडव्याला सगळी गल्ली पुन्हा जमली. या वेळी टेबल कापसापासून लांब, स्वयंपाकघरात ओट्याशेजारी, आणि समोरच्या खोलीतल्या सॉकेटपर्यंत लांब वायर खिडकीतून. मुक्ताने बटण दाबलं आणि चित्र आलं! आबांनी पुढे सरकून पाहिलं, पडद्यावरचा डोंगर न्याहाळला आणि म्हणाले, "जमीन चांगली दिसते. पाणी कुठी हाय?" ठिबकच्या नळ्यांचा विषय त्या दिवशी संपला. मुक्ताने आबांना मिठी मारली आणि मला मुळीच न मारता बाजूला सरकली, मग परत येऊन मलाही मारली.

आता ती रोज रात्री जेवणं झाली की वर्ध्याच्या मैत्रिणींबरोबर खेळते. कधी पाणी प्यायला उठली तर मला बसवते. त्या खेळात लढाई सुरू होण्याआधी पडद्यावर एक दुकान उघडतं. प्रत्येकाला ठरावीक पैसे मिळतात, त्यातच बंदूक, गोळ्या, चिलखत काय ते घ्यायचं. पहिल्यांदा ते दुकान दिसलं तेव्हा माझे डोळे चमकले. मी बाही सरसावली, खुर्ची पुढे ओढली आणि "हं" म्हणालो. तेवढ्यात मुक्ताने माउसवरचा माझा हात उचलून अलगद बाजूला ठेवला.

"बाबा, तुमी खरेदी नका करू. तुमी फक्त पळा."

तेव्हापासून मी दुकानाकडे न बघता, हातात नुसता चाकू घेऊन बंदूकवाल्यांच्या अंगावर धावून जातो आणि सगळ्यात आधी मरतो. पण मला त्याचं दुःख नाही. चाकू फुकट असतो!