भिंतीवरची वेलांटी

चहाचा पेला हातात असेल तर आधी खाली ठेवा. मी माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगणार आहे, आणि माझं शहाणपण ऐकताना लोकांना ठसका लागतो असा आजवरचा अनुभव आहे.

मी कुठल्या शाळेत गेले नाही. भावाच्या पाटीवर डोकावून अक्षरं उचलली, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाक्यं जमवली, आणि पुढे परीक्षा देऊन बडोद्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलं होतं. मुली मिळत होत्या, पण शिकवायला बायका कुठून आणायच्या? म्हणून मला बोलावणं आलं.

घरात सगळे चिडीचूप. सगळे म्हणजे दोघं, आमचे हे आणि सासूबाई. हे कचेरीत कारकून. दोन दिवस विचार करून त्यांनी हुकूम काढला, "महिनाभर करून बघ. पण घर आज आहे तसंच लख्ख राहिलं पाहिजे. कुणी घराकडे बोट दाखवलं, की शाळा बंद."

"आणि तुम्ही कोणत्या खोलीचा केर काढणार?"

"हे बघ, अशी बोलतेस म्हणून लोक बोट दाखवतात!"

मी हरणारी आहे का? आमचं बिऱ्हाड बडोद्याच्या वाडी भागात, एका पोळीत. (पोळ म्हणजे गल्ली. माहेरचे लोक हसायचे, 'पोळीत राहता? मग भाजीत कोण राहतं?') खोल्या चारच, पण चार खोल्यांचं घर एका दिवशी आवरायला घेतलं तर अकराच्या घंटेला मी शाळेत नाही, चुलीपाशीच सापडायची. तेव्हा मी शाळेसारखं वेळापत्रक केलं. सडा आणि केर रोजचा. बाकी एका दिवसाला एकच काम, तेही एका तासाच्या वर नाही. सोमवारी चूल. मंगळवारी भिंती. बुधवारी चिंच लावून पितळ. गुरुवारी फडताळ. शुक्रवारी गाद्या उन्हात. शनिवारी जळमटं. रविवारी सारवण. हे सगळं मी माजघराच्या चुन्याच्या भिंतीवर गेरूनं ठळक लिहिलं आणि रोज संध्याकाळी बोट ठेवून मोठ्यानं वाचायची, म्हणजे उद्याचं काम सगळ्यांना कळावं. हे जांभया देत ऐकायचे. सासूबाई मात्र तांदूळ निवडायच्या थांबून माझ्या बोटाकडे बघत बसायच्या. मला वाटायचं, काय दरारा आहे माझा!

पहिला मंगळवार. भिंती पुसता पुसता स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि बघते तर काय, दारामागच्या कोपऱ्यात कोळशाच्या रेघोट्या! आडव्या, उभ्या, वाकड्या, एकावर एक चढलेल्या. मी ओलं फडकं घेतलं आणि खसाखसा पुसून काढलं.

"हे कुणी केलं हो, सासूबाई?"

"मांजर असेल गं," त्या खाली मान घालून म्हणाल्या.

"मांजर कोळसा धरतं हातात?"

"आपल्याकडचं धरत असेल."

दुसऱ्या मंगळवारी रेघोट्या पुन्हा हजर. आणि वाढलेल्या! माझ्या डोळ्यांपुढे शाळा बंद झाली. महिन्यातले तेरा दिवस गेलेले, कुणी दारामागे डोकावलं तर संपलंच. संशय गेला आमच्या ह्यांच्यावर. ते कोळशाच्या पुडीनं दात घासायचे.

"तुम्हीच भिंतीला बोटं पुसता!"

"मी? अगं, मी सरकारी कारकून आहे! माझं टिपण दिवाणसाहेबांपर्यंत जातं!"

"टिपण जातं, बोटं इथंच राहतात ना?"

ते असे रुसले, की दुसऱ्या दिवसापासून दात घासायला विश्वामित्रीवर जायला लागले. त्या नदीत मगरी आहेत. पण बायकोपेक्षा मगर बरी, असं ते शेजाऱ्यांना सांगत होते म्हणे.

तिसऱ्या मंगळवारी पुन्हा तेच. हे तर नदीवर! मग राहिलं कोण? शेजारची मणीबेन. ती रोज सकाळी मागच्या दारानं विस्तव न्यायला यायची, म्हणजे कोळसा तिच्या हाताशी आणि दार तिच्या वाटेत. मी तिला हाताला धरून दारामागे नेलं.

"हे काय आहे?"

मणीबेननं डोळे बारीक केले, आणि कौतुकानं म्हणाली, "अरे बेन, आ तो कोईए लख्युं छे!"

लख्युं म्हणे! कुणीतरी लिहिलंय म्हणे! मी मास्तरीण, मला अक्षर कळत नाही, आणि हिला कळतं?

"तूच केलंस हे!"

"हुं? मने तो लखतां नथी आवडतुं!"

आता गुजरातीत 'लखतां नथी आवडतुं' म्हणजे लिहिता येत नाही. मला हे चांगलं ठाऊक. पण राग आला की माझं गुजराती पळून जातं आणि मराठी तेवढं उरतं. मी ओरडले, "आवडत नाही तर लिहितेस कशाला? आणि लिहायचंच तर आपल्या घरी लिही!"

मग फुललेला विस्तव तिनं आमच्या चुलीत परत टाकला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून दोन दारं सोडून तिसरीकडून विस्तव न्यायला लागली. त्या तिसऱ्या दारी तिनं काय सांगितलं देव जाणे, पण पोळीतल्या बायका माझ्याशी बोलताना हात पदराखाली लपवायला लागल्या.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिला कशाला गं बोललीस? बिचारी."

"मग कुणाला बोलू? तुम्हाला?"

त्या उठून देवघरात गेल्या.

मग मी शेवटचा उपाय केला. गेरू भिजवला आणि दारामागे, रेघोट्यांच्याच जागी, माझ्या सगळ्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'येथे रेघोट्या मारणारा गाढव आहे.' त्या संध्याकाळी वेळापत्रकाबरोबर तेही मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्यांनी विचारलं, "पण वाचणार कोण? गाढव?"

मी म्हटलं, "ज्याचं त्याला कळेल."

चौथा मंगळवार उजाडला. हलकेच दार लोटलं. रेघोट्या नाहीत! एकही नाही! महिना भरत आला होता, घराकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, शाळा माझी झाल्यातच जमा होती. मी तिथंच पदर खोचून हसले. आणि हसता हसता माझी नजर माझ्या वाक्यावर गेली.

'मारणारा' या शब्दातल्या 'रा'वर कोळशाची एक रेघ होती. कान्याच्या डोक्यावरून वळलेली. थोडी थरथरलेली, पण नेमकी जागच्या जागी.

'येथे रेघोट्या मारणारी गाढव आहे.'

आधी मला राग आला. मास्तरणीचं वाक्य सुधारतं कोण? मग मी ती वेलांटी पुन्हा पाहिली. दीर्घ. बिनचूक. ह्या घरात बायका दोन. एक मी. मी फडकं तिथंच टाकून माजघरात गेले.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. उजव्या हाताची नखं काळी. मी समोर बसले. मीही मूठभर तांदूळ पुढे ओढले.

"मी बाई ना गं," शेवटी त्याच म्हणाल्या. "म्हणून नीट केलं. चुकलं का?"

"नाही, सासूबाई. बरोबर आहे."

"तू बोट ठेवून वाचायचीस, तसं एकेक ओळखीचं होत गेलं. सोमवार. चूल. मंगळवार. 'भ' फार त्रास द्यायचा मेला. आणि लिहून बघावं तर तू मंगळवारी पुसायचीस. मग बुधवारी पुन्हा पहिल्यापासून."

"पण मला सांगायचं तरी!"

"ह्या वयात? हसली असतीस. माझ्या गोदीचं पत्र येतं ना इंदूरहून. हा वाचतो आणि 'बरं आहे तिचं' म्हणून घडी घालतो. चार पानं असतात गं. चार पानांत नुसतं बरं कसं असेल? म्हटलं, लेकीचं आपलं आपण वाचावं."

सांगा आता मला! शाळेत मुलींनी असल्याच वाकड्यातिकड्या रेघा काढल्या की मी त्यांना शाब्बास म्हणायची. मणीबेनला ते लिहिणं दिसलं. मला मळ दिसला! आणि माझ्या सासूनं जन्मात पहिल्यांदा आपलं आपण अक्षर लावून वाचलेलं वाक्य कोणतं? तर ते.

मी शाळेतून नवी कोरी पाटी आणली. पेन्सिली आणल्या. त्यांचे पाय धरले. रोज अर्धा तास, दुसरं काही नको, असं म्हटलं. वेळापत्रकातून भिंतींचा मंगळवारही काढून टाकला. त्यांनी पाटीवरून हात फिरवला आणि ती मला परत दिली.

"नको गं, सूनबाई. एवढं वाचता आलं, पुरे झालं. पुढे काय काय लिहून ठेवलं असेल, कोण जाणे!"

त्यानंतर त्यांनी अक्षर काढलं नाही. गोदीची पत्रं मी त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, एक शब्द न गाळता, त्या होत्या तोवर. ऐकताना त्या माझ्या बोटाकडे बघत नसत, खिडकीबाहेर बघत असत. मणीबेन मात्र वर्षानं बोलायला लागली. तिचं मन मोठं.

आणि दारामागची ती भिंत? इतकी स्वच्छ राहिली, की पोळीतल्या बायका आपापल्या सुनांना मुद्दाम आणून दाखवायच्या.