अकराव्या महिन्यातला राजीनामा

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी मी माझी भाची ऋजुता हिच्या खात्यात ६१२ पौंड ४० पेन्स भरले. पोलिसांच्या दाखल्याचे ५५, पदवी प्रमाणपत्रावर वकिलाची सही आणि सरकारी शिक्का यांचे मिळून ११९.४०, आणि लंडन ते सोल एकेरी विमान तिकिटाचे ४३८. तिचा मेसेज आला, "मामा, एका वर्षात सगळा पैसा परत." मी त्याचा प्रिंट काढून फाइलला लावला.

ऋजुता माझ्या धाकट्या बहिणीची, सुमेधाची, मुलगी. जन्म, शाळा, सगळं लंडनच्या पिनर उपनगरातलं. इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ती दीड वर्ष एका कॉफीच्या दुकानात उभी होती. सुमेधा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. मेहुणे लीड्सला नोकरी करतात आणि शनिवार-रविवार घरी झोपायला येतात. घरात तीन बेडरूम. मधली पाहुण्यांची, आणि पाहुणे तीन वर्षांतून एकदा येतात. सर्वांत लहान, पलंग टाकला की जिचं दार पूर्ण उघडत नाही, ती ऋजुताची. उशाशी कपडे वाळवायचा स्टँड, पलंगाखाली भारतात न्यायच्या बॅगा.

कोरियात इंग्रजी शिकवायला का जायचं, ते तिने मला सरळ सांगितलं होतं.

"मामा, करार बारा महिन्याचा. घर ते देतात. वर्ष पूर्ण झाला की एक पगार एक्स्ट्रा आणि परतीचं तिकीट. तो पगार म्हणजे माझा रूमचा डिपॉझिट. त्या बॉक्सरूममध्ये मी परत नाही झोपणार."

जादा पगार म्हणजे बावीस लाख वॉन, सुमारे तेराशे पौंड. तिचा सगळा बेत त्या एका आकड्यावर उभा होता. मला तो पटला. आकडे व्यवस्थित मांडलेले असले की मला पटतात.

सुमेधाला बातमी कळली तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो.

"एबीसी शिकवायला? कोरियात?"

"इंग्लिश, मम्मा."

"सुहासिनीची चैत्राली तुझ्याच वर्गातली. ती आता बॅरिस्टर होतेय. मी मराठी मंडळात काय सांगू?"

"सांग, मुलगी मेली."

"मेली असतीस तर निदान चार दिवस लोकांचे डबे तरी आले असते."

मंडळात मग तिने 'ऋजुता इंटरनॅशनल एज्युकेशनमध्ये आहे' असं सांगायला सुरुवात केली.

२० मार्चला ऋजुता डेजॉन नावाच्या शहरात कामावर रुजू झाली. माझं घर आणि ऑफिस दोन्ही दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला. मी दुपारी डबा उघडायच्या सुमारास तिकडे तिचे वर्ग संपलेले असत, आणि आठवड्यातून दोनदा तरी तिचा फोन येई. आईला ती फोन करत नसे. त्यामुळे तिचं कोरियातलं वर्ष मला पोळी-भाजीबरोबर कळलं.

तो खासगी क्लास होता. मुलं शाळा सुटल्यावर तिथे येत. ऋजुताने दुपारी एकला जायचं, दारात बूट काढायचे, आपल्या नंबरच्या सपाता पायात घालायच्या. दोनपासून साडेआठपर्यंत सहा वर्ग. मधल्या दहा मिनिटांत उभ्याने खाणं. प्रत्येक वर्गात कॅमेरा आणि त्याचा पडदा डायरेक्टर बाईंच्या टेबलावर. खुर्चीत बसून शिकवलं की वर्गातला फोन वाजे: उभ्या राहा. मुलांना इंग्रजी नावं दिलेली होती. एका वर्गात तीन केव्हिन होते. तिलाही एक नाव मिळालं, रेचल टीचर. महिन्यातून एकदा मुलांच्या आया वर्गात मागे वह्या घेऊन बसत आणि टीचरला मार्क देत.

पहिल्याच दिवशी डायरेक्टर बाईंनी तिला बजावलं, "तू लंडनची. एवढंच सांगायचं. इंडिया नाही." पासपोर्टची रंगीत प्रत काउंटरवर चिकटवली, कारण एका आईने विचारलं होतं की ही खरी ब्रिटिश आहे का. माहितीपत्रकातला तिचा फोटो इतका उजळ केला होता की तो पाहून सुमेधा म्हणाली, "हिला कावीळ झालीय का?"

एकदा फोनवर तिचा आवाज वेगळा वाटला.

"आज एका मुलाने इरेझर घेतला आणि माझ्या हातावर घासला. सात वर्षांचा आहे. कलर जातो का बघत होता."

"मग तू काय केलंस?"

"बस म्हटलं त्याला. मग डायरेक्टरने मला बोलावलं."

"त्या मुलाची तक्रार करायला?"

"नाही मामा. माझी. मुलाला हात का लावू दिला म्हणून."

मी तिला म्हणालो, वर्ष काढ. बारा महिने काय, बोटांवर मोजून संपतात. ती मोजतच होती.

शिकवण्याची तिला आवड होती, हे मी लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात ते कोणी कधी बोललं नाही. तिने वर्गाच्या भिंतीवर पिनरला जाणाऱ्या रेल्वेचा, मेट्रोपॉलिटन लाइनचा, नकाशा स्वतः काढला. मुलाने नवा शब्द वाक्यात बरोबर वापरला की त्याचा कागदी डबा एक स्टेशन पुढे. पिनरला पोचणाऱ्याला चॉकलेट. मुलं आपसात "वेम्बली! वेम्बली!" असं ओरडत. तीन आठवड्यांनी डायरेक्टर बाईंनी तो नकाशा उतरवला, कारण तो पुस्तकात नव्हता.

६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. मी नुकताच डबा उघडला होता.

"मामा, डायरेक्टरने पेपर दिलाय. दोन लाइन आहेत. मी पर्सनल कारणाने सोडतेय म्हणून. गुरुवारी लास्ट डे."

"का?"

"मार्चमध्ये त्यांची नवीन टर्म. आयांना चेंज पाहिजे. नवीन टीचरचा फोटो लागला पण रिसेप्शनला. ब्लॉन्ड आहे."

"तुझा करार कधी संपतो?"

"एकोणीस मार्च. चाळीस दिवस राहिले. म्हणूनच करतायत ना! इथे खूप क्लासवाले अकराव्या महिन्यातच काढतात. बारा झाले की पगार द्यावा लागतो. माझ्याबरोबर एक कॅनेडियन आहे, तो म्हणतो, काही झालं तरी साइन नको करू. काढायचं तर त्यांना काढू दे."

मी बी. कॉम. झाल्यावर चौदा वर्षं पुण्यात एका सहकारी बँकेत होतो. तिथे एका कॅशियरला बडतर्फ केलं, तर पुढची सात वर्षं त्याला कोणी दारात उभं केलं नाही. त्याच प्रकरणात दुसऱ्याने आदल्या दिवशी राजीनामा दिला, अनुभवाचा दाखला घेतला आणि महिन्याभरात समोरच्या बँकेत जाऊन बसला. आमच्या पिढीच्या ऑफिसांत हे प्रत्येकाला पाठ होतं. ते काढणार असं दिसलं की आपण आधी सोडायचं, आणि सोडताना लेटरहेडवर दाखला घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

"सही कर," मी म्हणालो. "पण आधी अनुभवाचा दाखला माग. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. बडतर्फीचा डाग जात नाही."

"कोण बघणार आहे डाग?"

"पुढच्या नोकरीला पहिलं तेच विचारतात. आणि त्या कॅनेडियनचं काय जातंय सांगायला?"

"शुअर ना, मामा?"

"एकेचाळीस वर्षं नोकरी करतोय मी, ऋजुता."

तिने सही केली.

गुरुवारी क्लास त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीसाठी बंद होत होता. रीतीप्रमाणे प्रत्येक नोकराला भेटीचा खोका मिळाला: डबाबंद मांसाचे बारा डबे, वर सोनेरी फीत. डायरेक्टर बाईंनी तो दोन्ही हातांनी, वाकून, ऋजुताच्या हातात ठेवला. ती मांस खात नाही, हे त्यांना अकरा महिने माहीत होतं. तिने खोका खालच्या वॉचमनला दिला. दाखलाही मिळाला; कोरियन भाषेत, लाल शिक्क्याचा. आठ तारखेपर्यंतचा पगार मिळाला, त्यातून खोलीच्या सफाईचे पैसे कापलेले. जादा पगार नाही, तिकीट नाही.

सुट्टी संपल्यावर ती तिथल्या कामगार कार्यालयात गेली. अधिकाऱ्याने फोनवर दुभाषी घेतला. पूर्वसूचना न देता काढलं असेल तर मालकाने तीस दिवसांचा पगार द्यायचा असतो, असं त्याने समजावून सांगितलं. म्हणजे जवळपास तीच रक्कम. मग त्याने क्लासने पाठवलेला कागद तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, ही सही तुमचीच का. काम वीस मिनिटांत संपलं.

२४ फेब्रुवारीला ती स्वतःच्या पैशांनी परत आली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी वेम्बलीहून तिच्या आवडीचे चिकू घेऊन पिनरला गेलो. दार सुमेधाने उघडलं.

"ये दादा. तुझी अशील आलीय."

बॉक्सरूममध्ये आता सुमेधाची व्यायामाची सायकल होती. ती हलवायला जागा नसल्यामुळे ऋजुता तिच्या चाकाला डोकं लावून झोपली होती. पाहुण्यांची खोली बंदच होती. ऋजुता खाली आली. चिकूंकडे तिने पाहिलं नाही.

"तीस दिवसांचा पगार मिळाला असता," ती म्हणाली. "साइन नसती केली तर."

"मला तिथला कायदा माहीत नव्हता."

"मग माहीत नाही म्हणायचं! त्या कॅनेडियनला माहीत होता. मी तुम्हाला सांगितलं पण होतं."

"दाखला तरी मिळाला ना?"

ती जिना चढून गेली, कागद घेऊन आली आणि चिकूंच्या पिशवीवर ठेवला. "घ्या. तुम्हालाच पाहिजे होता."

"त्याला काय बोलतेस?" सुमेधा म्हणाली. "त्याने पैसे दिले. जाऊ नको असं मी आधीच सांगितलं होतं."

"मम्मा, तू फक्त मी परत यायची वाट बघत होतीस."

"बघत होतेच. पण नोकरीवरून काढलेली मुलगी नको होती मला."

"काढलेली नाही," मी म्हणालो. "राजीनामा दिलाय."

मग ऋजुता हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "ऐकलंस, मम्मा?" ती म्हणाली आणि वर गेली. त्यानंतर माझ्या फोनला तिने उत्तर दिलं नाही.

एप्रिलमध्ये तिला न्यू मॉल्डनला काम मिळालं. दक्षिण लंडनच्या त्या भागात पुष्कळ कोरियन कुटुंबं राहतात आणि त्यांच्या मुलांसाठी तिथे शनिवारचा इंग्रजी क्लास चालतो. आठवड्याचे बाकीचे दिवस ती हॅरोच्या एका शाळेत गैरहजर शिक्षकांचे वर्ग सांभाळी. अनुभवाचा दाखला दोन्ही ठिकाणी कोणी मागितला नाही. फोन करून विचारता येईल अशा दोन माणसांची नावं मागितली. तिने त्या कॅनेडियनचं एक दिलं आणि कॉफीच्या दुकानाच्या मॅनेजरचं दुसरं.

अनामत जमेपर्यंत ती आणखी सहा महिने त्या सायकलशेजारी झोपली. मायलेकी एकमेकींशी फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांनी बोलत. ऑक्टोबरमध्ये ती न्यू मॉल्डनला एका खोलीत राहायला गेली. सुमेधाला ते सामानाची व्हॅन दारात आल्यावर कळलं. "सायकल पुसून ठेवलीय," एवढंच ऋजुता जाताना म्हणाली.

तो दाखला माझ्या फाइलमध्येच होता. आमच्या ऑफिसच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कोरियन बाई काम करतात. एक दिवस मी तो त्यांच्याकडून वाचून घेतला. नाव बरोबर, तारखा बरोबर, सोडण्याचं कारण वैयक्तिक. हुद्द्यापुढे 'वर्गसहायक' असं लिहिलेलं होतं. म्हणजे रोज सहा वर्ग उभ्याने घेतले ते कागदावर कोणीच घेतले नव्हते. मी त्या बाईंना दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं.

हे ऋजुताला सांगायला हवं, आणि सल्ला माझा होता व तो चुकला हेही, म्हणून एका शनिवारी विम्बल्डनपर्यंत ट्रामने आणि पुढे ट्रेनने मी न्यू मॉल्डनला गेलो. क्लास एका दुकानाच्या वर होता. काचेच्या दारातून वर्ग दिसत होता. भिंतीवर मेट्रोपॉलिटन लाइनचा नकाशा होता आणि एक मुलगी कागदी डबा नॉर्थविक पार्कहून पुढे सरकवत होती. बाहेर बाकावर आया बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने मला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही टीचरचे वडील का? मूळ कुठल्या त्या?" मी म्हणालो, "पिनरच्या." तिने मान हलवली, पण तिला ते पुरेसं वाटलं नाही.

ऋजुता दार उघडून बाहेर आली. हातात मार्कर.

"मामा, क्लास चालू आहे. काही काम होतं?"

दाखल्याचं पाकीट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. आया ऐकत होत्या. "नाही," मी म्हणालो. "इकडून चाललो होतो."

"क्रॉयडनहून कुठेही जाताना न्यू मॉल्डन लागत नाही." तिने दार लावलं. मी पुढच्या ट्रेनने परत आलो. दाखला पुन्हा फाइलला लावला. तो वाचून घेतल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मे २०२४पासून दर महिन्याच्या एक तारखेला तिच्याकडून माझ्या खात्यात तीस पौंड जमा होतात. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये रकमेपुढे पाठवणाऱ्याला चार शब्द लिहिता येतात. ती एकच लिहिते, इंग्रजी अक्षरांत: राजीनामा. मी मार्चमध्ये निवृत्त होतो आहे. मध्ये एकदा मी तिला मेसेज केला की आता उरलेले राहू दे. उत्तर आलं, "नको."

१ नोव्हेंबर २०२५ रोजी एकोणिसावा हप्ता आला. बेचाळीस पौंड चाळीस पेन्स बाकी आहेत.