मुंजाजीला दिसणारी मनकर्णा

तलवाड्याचा मुंजाजी मेंढपाळ. कळपातलं कुठलं मेंढरू कुणाचं, हे तो लांबून सांगायचा. त्याची बायको मनकर्णा वर्षभरापासून विसरायला लागली होती. आधी चुलीवरचं दूध, मग जावेचं नाव. माजलगावच्या बसस्टँडवर तो पाण्याची बाटली घ्यायला गेला, तेवढ्यात ती नाहीशी झाली.

पोलिसांनी फोटो मागितला. आधारकार्डावर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या, अंजूच्या फोनमध्ये मायचे दोनच फोटो होते आणि दोन्हींत मायनं लाजून पदर तोंडावर ओढलेला.

अकरा दिवस शोधून झाल्यावर अंजू त्याला राधाकिशन सरांकडे घेऊन गेली. शाळेत ते तिला चित्रकला शिकवायचे. मनकर्णाचा चेहरा काढायला सरांनी कागद लावला.

"डोळे मिटा आणि पिक्चर करा त्यांना."

"शिनेमा?" मुंजाजी गोंधळला.

"न्हाई दादा," अंजू बापाला म्हणाली. "इंग्रजीत ते क्रियापदबी हाय. पिक्चर करणं म्हंजे मनात डोळ्यांपुढं आणणं. अन् चित्र काढून दाखवणं, त्यालाबी तेच म्हणतेत."

"दोन्हीला एकच?"

"एकच. तुमी मनात करा, सर कागदावर करतील."

मुंजाजीनं डोळे मिटले. "दिसती की. लख्ख दिसती."

"नाक कसं आहे?"

त्यानं हवेत बोट फिरवून पाहिलं. "तिच्यासारखंच हाय."

सर काढत गेले, खोडत गेले. सात कागद झाले. प्रत्येक वेळी मुंजाजी मान हलवायचा. आठव्याला तो ओरडला, "इथं माझ्या डोळ्यात हाय ना ती! तुमाला कावून दिसंना?" आणि टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. नवव्या चित्राला तो थकून म्हणाला, "हे चालंल."

गावोगावी पोस्टर लागली. चौथ्या दिवशी वडवणीहून फोन आला, चित्रातली बाई देवळाच्या ओट्यावर बसलीय. बापलेक धावतच गेले.

ओट्यावरची बाई हुबेहूब चित्रासारखी होती. तेच नाक, तीच हनुवटी. पण ती मनकर्णा नव्हती. कुणा दुसऱ्याच घरची, तशीच वाट चुकलेली.

"मला न्यायला आलाव?" तिनं विचारलं.

मुंजाजी तिच्याशेजारी बसला. अंजूनं पोलिसांना फोन केला. दोन दिवसांनी त्या बाईचा मुलगा आला आणि मुंजाजीच्या पाया पडला. त्याच्याकडे आईचा चांगला फोटो होता.

मनकर्णाचा अजून पत्ता नाही. पोस्टर पावसात गळून पडली. परवा मेंढरं हाकता हाकता मुंजाजी मधेच थांबला. अंजू मागून येत होती.

"अंजे," तो म्हणाला, "डोळे मिटले की ती वडवणीची बाईच पुढं येती. तुझी माय येईना गं."