अकरावं रीळ

वन्समोअर भाऊंना कोणी ‘वन्समोअर’ म्हटलं की त्यांना नाही म्हणता यायचं नाही. सिंदेवाहीत बाजाराच्या मागे टिनाची एक टॉकीज होती, तिथे ते मशीन चालवायचे. गाणं संपलं आणि लोकांनी ओरडा केला की भाऊ मशीन थांबवायचे, दिवा लावायचे, रीळ हाताने उलटं गुंडाळायचे आणि तेच गाणं पुन्हा दाखवायचे. दुसऱ्या कुठल्या गावात असं करत होते की नाही, मला माहीत नाही. आमच्याकडे करायचे, आणि त्यात काही वेगळं आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

तरुणपणी भाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायचे. तिथे वन्समोअर आला की नट मरून पडला असला तरी उठतो, गाणं पुन्हा म्हणतो आणि पुन्हा मरतो. तोच नियम भाऊंनी टॉकीजला लावला. मालकाने एकदा त्यांना हटकलं. भाऊ म्हणाले, “पब्लिकनं मागतलं अन् आपण देल्लं नाई, तं मंग मशीन कायले ठेवाची?” मालक आल्या पावली परत गेला. त्याची बायको पहिल्या रांगेतून ओरडणाऱ्यांपैकी होती.

त्यांची पद्धत पक्की होती. गाणं सुरू झालं की ते गुंडाळल्या जाणाऱ्या रिळात गुलाबी तिकिटाचा एक तुकडा सरकवून ठेवायचे. मागणी आली की रीळ उलटं फिरवत बसायचे. तुकडा खाली पडला की समजायचं, गाण्याची सुरुवात आली. याला दोन-तीन मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात लोक थंड पडू नयेत म्हणून ते मशीनच्या खोलीच्या चौकोनी खिडकीतून तोंड काढून स्वतःच त्या गाण्याचं तोंड म्हणायचे. आवाज फुटक्या पिपाण्यासारखा, पण सूर कुठे हलायचा नाही.

अडचण होती ती बसची. बाजाराच्या दिवशी दुपारी दोनला खेळ लागायचा आणि निम्मं पब्लिक जंगलातल्या गावांचं असायचं. मोहफुलं, चारोळी विकायची, मीठ-तेल घ्यायचं, सिनेमा पाहायचा आणि साडेपाचची शेवटची बस धरायची. ती चुकली तर लेकरं घेऊन वाघाच्या रस्त्याने पायी जाणार कोण? त्या बसचे ड्रायव्हर-कंडक्टरही आत सिनेमा पाहत असत, पण वेळ झाली की उठून जात. गंमत म्हणजे वन्समोअरचा सगळ्यात मोठा आवाज कंडक्टरचाच असायचा. सिनेमा तीन तासांचा, त्यात चार-पाच वन्समोअर, आणि बस मात्र साडेपाचला. मग भाऊ एक काम करायचे. मधलं एखादं रीळ दाखवायचेच नाहीत. डबा बाजूला ठेवून पुढचं लावायचे.

मी नऊ वर्षांची असताना तो सिनेमा आला. गाणाऱ्या कुटुंबाचा सिनेमा. आई, बाप, पाच लेकरं. भांडली तरी सुरात भांडायची. आई त्यांना एक गाणं शिकवते, मग आजारी पडते, तिला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेतात. इकडे लेकरं गाण्याच्या स्पर्धेची तयारी करतात. शेवटी ती मंचावर आईचं गाणं म्हणतात आणि सभागृहाच्या मागच्या दारात पांढरं लुगडं नेसून आई उभी असते. अंगाभोवती उजेड. हसते. संपला सिनेमा. बाबा राइस मिलमध्ये हमाल होते. अर्धी सुट्टी टाकून त्यांनी मला नेलं होतं. मी घरी येईपर्यंत नाचत आले. कारण माझी आईसुद्धा तेव्हा दवाखान्यातच होती.

तिला टीबी झाला होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत. मागच्या बाजूने व्हरांड्याच्या खिडकीशी जायचं, ती आत पलंगावर, मी बाहेर विटेवर उभी. मी तिला अख्खा सिनेमा सांगितला. गाणी दोन-दोनदा म्हणून दाखवली, कारण मी ती तशीच पाहिली होती. शेवट सांगितला तेव्हा तिने विचारलं, “अन् तिच्या भवती उजेड कायचा होता वं, बेबी?” मी विचार करून सांगितलं, “टिनाले भोकं आहेत ना, त्याचा.” ती खोकेपर्यंत हसली. पुढच्या प्रत्येक भेटीत ती शेवट तेवढा पुन्हा सांगायला लावायची. नवव्या महिन्यात ती घरी आली. दारात उभी राहून म्हणाली, “आली पाय मी, त्या बाईसारखी.” तोवर सिनेमा परत गेला होता. तो तिने कधी पाहिला नाही.

पुढे टॉकीज बंद पडली. तिथे आता खताचं गोदाम आहे. मी औषधशास्त्र शिकले, चंद्रपुरात दुकान टाकलं, आईला माझ्याकडे आणलं. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतिबिंदूची ऑपरेशनं झाली. पट्टी सुटल्यावर तिने पहिलं काय मागावं? “आता दिसून राह्यलं मले. तो शिनेमा दाखव.” माझ्या मुलीने दोन मिनिटांत तो मोबाइलवर शोधून दिला. मी दुकानदार बाई. हातात आलेली वस्तू तपासल्याशिवाय पुढे देत नाही. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, काउंटरमागे बसून लावला.

खरं सांगायचं तर मजा आली. बापाचा केसांचा टोप सरळ दिसत होता. धाकटा मुलगा रडताना कॅमेऱ्याकडे बघत होता. गाणी सगळी मला पाठ निघाली, फक्त ती फार लवकर संपत होती. पहिलं गाणं संपलं आणि मी वाट पाहत बसले. ते दुसऱ्यांदा आलंच नाही. आणि मग मी कधीच न पाहिलेला एक भाग सुरू झाला. दवाखान्याची खोली. डॉक्टर मान हलवतो. आई मरते. चांगली दहा मिनिटं मरते, म्हणजे नेमकं एक रीळ; सुरुवातीपासून मोजलं तर अकरावं. शेवटच्या गाण्यात मागच्या दारात उभी असते ती तिची आठवण, म्हणून तो उजेड.

मी मोबाइल बंद केला आणि एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दोनदा दिलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पडद्यावरच्या मरणाने कोसळणारी नाही. पण खिडकीपाशी उभं राहून मी तिला जे सांगत होते, ज्याच्या भरवशावर ती गोळ्या गिळत होती, ते तसं नव्हतंच हे तिला कळावं असं मला वाटेना. नाही दाखवत म्हटलं तर ती मुलीकडून लावून घेणार. म्हणून मी सिंदेवाहीची बस धरली.

भाऊ अंगणात खुर्चीवर बसून विळा घासत होते. नाटकातल्यासारखे ताठ, डोक्यावर एकही काळा केस नाही. जयभीम झालं, पाणी झालं. घरात गाठोडी बांधलेली दिसली. आठ दिवसांनी ते लेकाकडे कोरपन्याला कायमचे राहायला जाणार होते. मी मुद्द्यावर आले. प्रवासात मी एक समजूत करून घेतली होती: आमची आई दवाखान्यात आहे हे भाऊंना माहीत असणार, आणि आमच्यासाठीच त्यांनी नेमकं ते रीळ काढलं असणार.

“तुझी माय दवाखान्यात होती?” भाऊ म्हणाले. “मले तं मालूमच नवतं.”

“मग अकरावंच काऊन काढलं? बारावं काढायचं. त्यात तर नुसता विनोदी गडी म्हशीवर बसून पळते.”

“बाराव्यात गाणं आहे ना. म्हशीवरचं.”

“अन् अकराव्यात?”

“अकराव्यात एकबी गाणं नाई. नुसतं मरणं.” त्यांनी विळ्याची धार अंगठ्याने पाहिली. “मरणाले कोण वन्समोअर म्हणते, बेबी?”

मला इतकं हसू आलं की त्यांना न्यायला आलेली सून बाहेर डोकावली. मग मी त्यांना खिडकीची गोष्ट सांगितली. सगळी.  भाऊंनी विळा कुडाच्या भिंतीला खोचला आणि म्हणाले, “मंग आताबी बाराव्यावरच जाऊ. पण मशीन मी चालवीन. तुले नाई जमाचं.”

शनिवारी ते आमच्याकडे मुक्कामी आले. दिवसभर माझ्या दुकानात बसून त्यांनी मोबाइलवर सिनेमा पाहिला आणि पिशवीतून गुलाबी तिकिटांचं एक पुडकं काढलं. टॉकीज बंद झाली तेव्हा उरलेलं. एकेक तिकीट फाडून त्यावर कुठल्या मिनिटाला कुठलं गाणं हे लिहिलं. गिऱ्हाइकं विचारायची, “ताई, हे कोण?” मी सांगायचे, “मशीनवाले.” मुलीने सिनेमा टीव्हीवर लावून त्यांना रिमोट शिकवला. मागे जायला एक सेकंद लागतो हे पाहून त्यांचं तोंड उतरलं. “एवढ्यात? पब्लिकनं वाट तं पाहाली पायजे.”

रविवारी दुपारी दोनला खेळ लागला. पब्लिक म्हणजे आई, मी आणि मुलगी. पडदे ओढले होते. भाऊ टीव्हीसमोर बसले नाहीत. आमच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसले. मशीन मागेच असते म्हणाले. पहिलं गाणं संपलं. मी आईकडे पाहिलं. ती पदर सावरून बसली होती, आणि एकाएकी तिने असा आवाज काढला जो मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता.

“वन्समोअर!”

भाऊंनी दिवा लावला. तिकिटाचा तुकडा शोधला, चष्मा लावला, तो पुसला, आणि तेवढ्यात मागून गाण्याचं तोंड म्हणायला सुरुवात केली. फुटकं पिपाणं आणखी फुटलं होतं. सूर तिथेच होता. मग दिवा घालवून गाणं पुन्हा. आई टाळ्या वाजवत होती. चार गाण्यांना चार वन्समोअर झाले. चौथा माझ्या मुलीने दिला, जी एरवी कुठलंही गाणं अर्ध्यात बदलते.

मग सिनेमातल्या आईला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. भाऊ रिमोट दोन्ही हातांत धरून बसले होते. दवाखान्याचं दार दिसलं, एक नर्स दिसली, आणि पुढच्या क्षणी विनोदी गडी म्हशीवर बसून पळत होता.

“भाऊ,” आई म्हणाली, “इथी काई राह्यलं वाटते.”

“बसचा टाइम होऊन राह्यला, बाई,” मागून आवाज आला.

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हशीकडे पाहिलं. “हो, बस चुकाले नाई पायजे,” ती म्हणाली. “चालू द्या.”

शेवटचं गाणं आलं. पाच लेकरं मंचावर. मागच्या दारात पांढऱ्या लुगड्यातली बाई, अंगाभोवती उजेड. आई पुढे सरकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आली पाय,” म्हणाली. “तू सांगतलं होतं तशीच.” मग तिने मान वर करून आमच्या छताकडे पाहिलं. माझ्या घराला स्लॅब आहे. “अवं, इथी तं टीन नाई. उजेड तं आहे.”

 मागून भाऊ म्हणाले, “रीळ जुनं आहे, बाई. त्यालेच भोकं पडले असन.”

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नव्या डोळ्यांना एवढं हसू चालतं की नाही हे मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. तिला काय कळलं आणि काय नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही विचारलेलं नाही.

भाऊंची बस सहाची होती. मी चहा टाकला. तो गाळून टेबलावर ठेवेपर्यंत त्यांनी पिशवी खांद्याला लावली होती. आईसमोर उभे राहून त्यांनी हात जोडले. “येतो, बाई. जयभीम. आता कोरपन्याहून येणं होते का नाई, सांगता येत नाई. बसलं-उठलं माफ करजा.” आई त्यांच्या मागे दारापर्यंत गेली. ते पायऱ्या उतरले, फाटकाची कडी काढली, बाहेर पडले, कडी लावली.

तेव्हा आई दारातून ओरडली, “वन्समोअर!”

भाऊ थांबले. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग कडी काढली, आत आले, पायऱ्या चढले, पिशवी पुन्हा खांद्याला नीट लावली आणि आईसमोर उभं राहून हात जोडले. “येतो, बाई. जयभीम. आता कोरपन्याहून येणं होते का नाई, सांगता येत नाई. बसलं-उठलं माफ करजा.” एक शब्द इकडचा तिकडे नाही. आईनेही या खेपेला हात जोडले.

“चहा घ्या ना, भाऊ,” मी म्हटलं.

“चहा राहू दे, बेबी,” ते पायऱ्या उतरता उतरता म्हणाले. “बस आहे.”

फाटक लागलं. आईने त्यांचा कप उचलला, बशीत ओतला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.