टायपिंगच्या बाई आणि एक जून

टायपिंगच्या बाईंसमोर कुणी खोटं बोललं की त्यांच्या टाइपरायटरची घंटा आपोआप वाजायची. ही गोष्ट शपथेवर सांगणारी पंचवीस-तीस माणसं सुरतच्या उधन्यात आजही सापडतील. त्यांना ती मीच सांगितलेली आहे, हा भाग वेगळा. पण बाईंच्या त्या पुढच्या खोलीत, सहा खटखटणाऱ्या मशिनांच्या मधल्या बाकावर बसून ज्यानं एकदा तरी फॉर्म भरून घेतला असेल, तो म्हणेल की घंटा वाजली नसेल कदाचित, पण वाजल्यासारखं झालं होतं खरं.

बाई मूळच्या अमळनेरकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या आणि नवरा कारखान्यातून येईपर्यंत करायचं काय म्हणून एक जुनं मशीन घेऊन बसल्या. एकाची सहा झाली. त्यांचा हात इतका चालायचा की समोरच्या कारखान्यातले माग लाजून हळू व्हायचे आणि सेठ उत्पादन का घटलं म्हणून विचारत हिंडायचा. सकाळी परीक्षेला बसणारी पोरं-पोरी यायची. चारनंतर मात्र हातात कागदांची पिशवी घेतलेली मोठी माणसं. नव्वदीचे दिवस होते, ज्याच्या त्याच्या तोंडी परदेश होता. कुणाचा मेहुणा दुबईला, कुणाचा शेजारी मस्कतला. आणि आता आखात जुनं झालं, जायचं तर युरोपात, हे चहाच्या टपरीवर एकमतानं ठरलेलं होतं.

या सगळ्यांना बाई एकच पाठ देत. 'फिरायचा व्हिसा घेऊन गेलास तर काम करता येणार नाही. चोरून केलंस तर आयुष्यभर पोलिसांकडे पाठ करून चालावं लागेल. शिकायचा व्हिसा हवा तर आधी शीक, दहावीला तीनदा बसलायस. राहिला कामाचा. तो इथून सुरूच होत नाही. तिथल्या मालकानं तिथल्या सरकारला सांगायचं की आमच्याकडे असा माणूस मिळत नाही, हा पाहिजे. सरकार हो म्हणालं की परवाना. परवाना हातात आला की मग इथं अर्ज. तुला कुणी बोलावलंय?' समोरचा कागद पिशवीत भरायला लागायचा. 'मग आधी तेवढं बघ,' असं म्हणून बाई पुढच्या माणसाचा कागद मशीनला लावायच्या. एजंट लोक ज्या ज्ञानाचे आठ-आठ हजार घ्यायचे, ते बाई उभ्या-उभ्या फुकट वाटायच्या. त्यामुळे एजंट लोक त्या गल्लीतून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जात.

मी स्वतः त्यांच्या तावडीत सापडलो आहे. तेव्हा मी बावीस वर्षांचा, एका कारखान्यात कापडाचे ताके तपासायच्या कामावर. एका एजंटनं मला सांगितलं, इटलीत स्वयंपाकी हवेत, फक्त फॉर्मवर दहा वर्षांचा अनुभव टाइप करून आण. मी गेलो.

'दहा वर्षं,' बाई म्हणाल्या. 'म्हणजे बाराव्या वर्षी आचारी झालास.'

'घरी करायचो ना, बाई.'

'काय करायचास?'

'सगळंच.'

'बरं. खिचडीत पाणी किती घालतोस?'

मी थोडा विचार करून म्हटलं, 'लागेल तेवढं.'

बाईंनी कागद मशीनमधून ओढून काढला. रागावल्या की त्यांची अहिराणी बाहेर यायची. 'भो, तुले पानी तापाडता येत नही, आन तू इटलीले जेवाडाले निंघना! मी खोटं टाइप करस नही. ऊठ!'

मी उठलो. पंधरा दिवसांनी तो एजंट खुर्ची-टेबलासकट नाहीसा झाला. मी गल्लीत सांगितलं की बाईंनी त्याला कॉलर धरून पोलीस चौकीत नेलं. बाई खरं म्हणजे त्या दिवशी दळण आणायला गेल्या होत्या.

बाईंचे यजमान म्हणजे मिस्तरी. माग दुरुस्त करणारा इतका मोठा माणूस मी पाहिला नाही आणि इतका कमी बोलणाराही. बाईसुद्धा त्यांना मिस्तरीच म्हणत. बिघडलेल्या मागाच्या अंगावर ते तळहात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणायचे, 'डावीकडचा.' मग डावीकडचं काय असेल ते इतरांनी शोधायचं. पण या हुन्नराचा एक कागद त्यांच्याकडे नव्हता. कारखाने बदलले, सेठ बदलले, पगार हातात मिळायचा. वीस वर्षं काम केलं त्याचा पुरावा म्हणजे एका बोटाचं गेलेलं नख. बाई जगाचे अनुभवाचे दाखले टाइप करायच्या आणि घरातला माणूस तसाच कोरा. हे त्यांना फार लागायचं. एकदाच बोलल्या, 'हा माणूस उद्या कुणाला म्हणाला की मला माग येतो, तर लोक म्हणतील, दाखव कागद.'

मग जवळच्याच भेस्तानच्या एका कारखान्यात बेल्जियमहून नवी यंत्रं आली. ती बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला. तीन दिवस एक यंत्र दर दहा मिनिटांनी धागा तोडत होतं. इंजिनिअर पुस्तकं उघडून बसला. चौथ्या दिवशी सेठनं मिस्तरींना बोलावलं. मिस्तरींनी डोळे मिटून तळहात ठेवला, एका स्क्रूवर बोट टेकवलं आणि चहा प्यायला निघून गेले. यंत्र सुरू झालं ते माझ्या माहितीप्रमाणे अजून थांबलेलं नाही. सहा महिन्यांनी त्या इंजिनिअरच्या ओळखीनं तिकडच्या एका गिरणीचं पत्र आलं. मिस्तरींना नोकरी, राहायला घर, बायको-मुलांना आणायची मुभा. पाठोपाठ तिथल्या सरकारचा कामाचा परवाना. बाईंच्या शास्त्राप्रमाणे अगदी ज्या क्रमानं यायला हवं त्या क्रमानं. परवान्यात लिहिलं होतं: तीन महिन्यांत रुजू व्हावं, नाहीतर परवाना रद्द.

बाईंनी फाइल केली. अशी फाइल मुंबईच्या व्हिसा कचेरीनं जन्मात पाहिली नसेल. खाडाखोड नाही, टाचणी वाकडी नाही. पाच आठवड्यांनी फाइल परत आली. सोबत दोन ओळी: अर्जातल्या चारही व्यक्तींची जन्मतारीख एकच, एक जून, आहे. कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल खुलासा करावा.

आता हे बाईंच्या ध्यानात आलंच नव्हतं. आमच्या खानदेशी माणसांत एक जूनला जन्मलेलं असणं म्हणजे दोन कान असण्यासारखं, त्यात बघायचं काय? गावाकडे बाळंतपण घरी. तारीख कोण लिहून ठेवतो? पोराला शाळेत घालायला नेलं की हेडमास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, आमची विहीर ढासळली त्या साली. मग हेडमास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघायचे. पोचला की सहा वर्षं पूर्ण, आणि शाळा जूनला सुरू होते म्हणून एक जून लिहून मोकळे. मिस्तरी तसे एक जूनचे, बाई तशाच, आणि माहेरी जन्मलेला थोरला मुलगाही तसाच. धाकटी मुलगी मात्र सुरतेत, मोठ्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखत जन्मलेली, पालिकेच्या दाखल्यासकट. आणि ती पोरगी खरोखरच एक जूनला जन्मली होती. तिच्या एका खरेपणानं बाकी तिघांचा घात केला.

गल्ली बाईंच्या दारात जमली. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, भला माणूस, पुढे होऊन म्हणाला, 'बेन, बे तारीख बदली नाखो ने! कोण जोवानुं छे?' दोन तारखा बदला, कोण बघतंय. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, मी तर मिस्तरींसाठी गणेशचतुर्थी आणि थोरल्यासाठी नाताळ सुचवलाही. मशीन बाईंचं, हात बाईंचा, कागद बाईंच्या टेबलावर. दोन आकड्यांचं काम. परवान्याचे सात आठवडे उरले होते.

बाईंनी परत आलेली फाइल मिटली. मिस्तरींकडे बघितलं. मिस्तरी म्हणाले, 'तू म्हणशील ते.' म्हणजे त्यांचं जाणं-न जाणं बाईंच्या बोटांवर आलं.

'नाही बदलायची,' बाई म्हणाल्या. 'खुलासा मागितलाय ना, खुलासा देऊ.'

'काय देणार खुलासा, बाई?' मी विचारलं.

'सगळ्यांनी घरी जा आणि आपापले शाळेचे दाखले घेऊन या.'

दोन दिवस ती खोली म्हणजे जत्रा झाली. उधन्यातून, भेस्तानातून खानदेशी माणसं पेटीच्या तळातले दाखले काढून आली. पिवळे, फाटके, हळदीचे डाग पडलेले. बाईंनी रकाने आखले: नाव, गाव, शाळा, जन्मतारीख. एका ओळीखाली दुसरी ओळ, एक जून, एक जून, एक जून. एक म्हातारा म्हणाला, 'पोरी, मना दाखला नही, पन मी बी एक जूनना शे.' बाई म्हणाल्या, 'बाबा, दाखला नाही तर नाव नाही.' तो रुसून गेला. झेरॉक्सवाल्याचं मशीन इतकं तापलं की त्यावर त्यानं दोन वेळा चहा केला. शेवटी यादी झाली एकशे चौदा नावांची. माझ्या तोंडून तुम्ही हा आकडा ऐकलात तर निम्मा कराल, हे मला माहीत आहे. पण हा आकडा बाईंनी टाइप केलेला आहे. त्याला मी हात लावत नाही.

वर एकपानी पत्र. त्यात रडारड नाही, विनंती नाही. शाळा, हेडमास्तर, हात, कान, जून, एवढंच. शेवटची ओळ: 'चौथी व्यक्ती, आमची मुलगी, हिची तारीख मात्र खरी आहे.' नोटरी करणाऱ्या वकिलानं शिक्का मारण्याआधी ते पूर्ण वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, 'बाई, एकशे पंधरावं नाव घाला. माझा दाखला उद्या पाठवतो.' बाईंनी दाखला येईपर्यंत त्याचंही नाव घातलं नाही.

मुंबईला मुलाखतीचं बोलावणं आलं. फाइल सांभाळायला मी बरोबर गेलो. आत फक्त कुटुंबाला सोडलं. आत काय झालं ते बाईंनी सांगितलं, म्हणून जसंच्या तसं देतो. खिडकीपलीकडे एक गोऱ्या बाई होत्या. त्यांनी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचली. मग मिस्तरींना विचारलं, तुमचा खरा जन्म कधीचा?

मिस्तरी म्हणाले, 'आई सांगे, बाजरी कापणीला आली होती.'

बाईंनी इंग्रजी करून सांगितलं.

'कोणत्या वर्षी?'

'ते आईलाही माहीत नव्हतं.'

'आणि ही मुलगी?'

'ही खरी,' बाई म्हणाल्या.

त्या गोऱ्या बाईंनी मुलीकडे बघितलं, यादीकडे बघितलं आणि हसायला लागल्या. हे ऐकून मी फुटपाथवरच पेढ्यांचं दुकान शोधायला धावलो. बाईंनी मागून हाक मारली, 'थांब रे. ती हसली. हसण्यावर शिक्का नसतो.'

शिक्का आला तो परवाना संपायला नऊ दिवस उरले असताना. चारही पासपोर्ट बाईंनी टेबलावर ओळीनं मांडले आणि एकेक अक्षर तपासलं. मिस्तरी शेजारी उभे. गिरणीचं पत्र, परवाना, व्हिसा, सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, 'माझ्या नावापुढे काय लिहिलंय?'

'टेक्निशियन.'

'परत वाच.'

बाईंनी परत वाचलं. मग तिसऱ्यांदा, न सांगता.

सहा मशिनं बाईंनी सगळ्यात जुन्या विद्यार्थिनीच्या, मीनाच्या, स्वाधीन केली. निघायच्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी इतका चिवडा बांधून दिला की बेल्जियम एका बाजूला कललं असेल. गाडीत बसताना बाई मला म्हणाल्या, 'भो, माझ्यामागं माझ्याबद्दल काहीबाही सांगत बसू नकोस.' मी शब्द दिला. तो कसा पाळला ते तुम्ही बघताच आहात. गाडी वळणावर गेली तेव्हा मिस्तरी खिडकीतून हात हलवत होते आणि बाई मांडीवरची फाइल उघडून कागद मोजत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण मग त्या बाई राहिल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सवयीनं त्या खोलीत गेलो. मीना पोरांना शिकवत होती. दारात एक अनोळखी माणूस आला, कामरेजकडचा, हातात पिशवी. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी बाकाच्या मधोमध बसलो होतो, त्याला वाटलं मीच तो जाणता. म्हणाला, 'भाऊ, मी वेल्डर आहे. मला जर्मनीला कामाला जायचंय. तिकडचा व्हिसा कसा मिळतो?'

माझ्याकडे उत्तर तयार होतं. असं झकास उत्तर होतं, की तो माणूस तिथूनच विमानतळावर गेला असता. जिभेच्या टोकावर आलं होतं. मीनाच्या हाताखालची मशिनं खटखटत होती.

'मला माहीत नाही,' मी म्हणालो. 'कुणी बोलावल्याचं पत्र आहे का तुमच्याकडे? नसेल तर आधी तेवढं बघावं लागेल. बाकीचं मी विचारून सांगतो.'

मला वाटलं, आता हा वळून एखाद्या एजंटकडे जाणार. तो बाकावर माझ्याशेजारी टेकला आणि त्यानं पिशवी मांडीवर घेतली.

'मग बसतो,' तो म्हणाला. 'खरं सांगणारं कुणीतरी भेटलं.'