नडीन हपची दोन वर्षांची पदवी

वेल्सफर्डच्या शाळेत पोरं बाईंना आडनावाने हाक मारतात आणि मदतनिसाला पहिल्या नावाने. वर्ग ज्यांचा त्या मिसेस बर्किट. नाकं पुसणारी, जॅकेटच्या चेन लावणारी, कुणी ओकलं की बादली घेऊन धावणारी ती मिस नडीन. असा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण पाच वर्षांच्या पोराला तो पहिल्याच आठवड्यात कळतो. नडीन हप सतरा वर्षं मिस नडीन होती.

तसं बघायला गेलं तर वर्ग तीच चालवायची. मिसेस बर्किटचे गुडघे गेल्यापासून सतरंजीवर पोरांना घेऊन बसायचं काम नडीनचं. बी आणि डी यांची गल्लत करणाऱ्या पोराच्या दोन्ही मुठी समोरासमोर धरायच्या, अंगठे वर करायचे आणि म्हणायचं, "बघ, डावी मूठ बी, उजवी डी, हातात 'बेड' तयार झाला, म्हणजे पलंग, आता चुकून दाखव." पोरगं चुकायचं नाही. पालकसभेत पालक मिसेस बर्किटचे आभार मानायचे. नडीन तेव्हा मागच्या बाजूला खुर्च्या लावत असायची.

एका वसंतात मिसेस बर्किटनी तिला थांबवून घेतलं. "अगं नडीन, मी अजून सहा वर्षं काढते कशीबशी. तोवर तू चार वर्षांची पदवी घे, शिकवण्याचा परवाना काढ. मग हा वर्ग तुझा. नाहीतरी तूच चालवतेस."

"मी? या वयात?"

"या वयात लोक गुडघे बदलतात, तू कॉलेज कर."

मुख्याध्यापकांनीही मान डोलावली. "कागद आण, वर्ग घे," म्हणाले. सगळं तोंडी, पण वेल्सफर्डमध्ये तोंडी शब्दावर माणसं आयुष्य काढतात. नडीनने त्याच रात्री कॅलेंडर उलटंपालटं केलं. आधी दोन वर्षांच्या कॉलेजात असोसिएट पदवी. नोकरी सांभाळून, म्हणजे तीन वर्षं. मग चार वर्षांच्या कॉलेजात थेट तिसऱ्या वर्षाला. उरलेली दोन वर्षंही तशीच, म्हणजे तीन. बरोबर सहा. नवरा म्हणून जो होता तो ट्रक घेऊन टेनेसीला गेला तो गेलाच होता. घरात ती आणि तिचा बाप, दोघंच. मोकळीच होती ती.

दोन वर्षांचं कॉलेज बंद पडलेल्या मॉलमध्ये होतं. जिथे पूर्वी बुटांचं दुकान होतं तिथे सल्लागार बसायचा. तिशीतला, गोड बोलणारा. त्याने विचारलं, "सध्या काय करता?"

"बालवर्गात मदतनीस."

"अरे वा! मग हे बघा, तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे." त्याने दोन पत्रकं पुढे सरकवली. एक असोसिएट ऑफ आर्ट्स. त्यात इतिहास, निबंध, गणित, एक परदेशी भाषा. दुसरं असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, विषय बालशिक्षण. त्यात मुलांचे खेळ, मुलांचा आहार, वर्गाची मांडणी, प्रत्यक्ष काम. तिसरं एक नुसत्या सायन्सचंही असतं, ते त्याने काढलंच नाही.

"यातून शिक्षिका होता येतं ना?" नडीनने विचारलं.

"म्हणजे काय! लहान मुलांना शिकवणाऱ्यांसाठीच आहे हे."

त्याच्या डोक्यात पाळणाघर होतं आणि तिच्या डोक्यात मिसेस बर्किटची खुर्ची. शब्द दोघांचाही एकच. खोटं कुणीच बोललं नाही, आणि संताप येतो तो याचाच.

तिने दोन्ही पत्रकं घरी नेली. तिचा बाप, डेल हप, एक्केचाळीस वर्षं चिनी मातीच्या कारखान्यात भट्टीवर होता. आता छातीत तीच माती घेऊन नाकात नळी लावून खिडकीशी बसायचा. त्याने पत्रक हातभर लांब धरून वाचलं आणि नाक मुरडलं.

"आर्ट्स? आर्ट म्हणजे कारखान्यात वरच्या मजल्यावरच्या बाया. कपाच्या काठावर गुलाब चिकटवायच्या अन् दर पाच मिनिटांनी नखं बघायच्या. मंदी आली की पहिल्यांदा त्यांनाच घरी पाठवायचे."

"आणि हे दुसरं, पॉप?"

"अप्लाइड." त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "म्हणजे हाताने करायचं. नुसती पोपटपंची नाही. हे घे, नडी. कामाचं आहे."

वेल्सफर्डमध्ये कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. ज्या गावात तीन पिढ्या बश्या भाजून जगल्या, तिथे हाताने करायचं ते खरं आणि बाकीचं नखरे, हे आईच्या दुधातून पोटात जातं. नडीनलाही तेच पटलं. शिवाय परदेशी भाषेला ती घाबरत होती, हेही खरं. तिने अप्लाइड घेतलं. फॉर्मवर जिथे जिथे फुली होती तिथे तिथे सही केली.

पुढची तीन वर्षं तिने रक्ताचं पाणी केलं. शाळा सुटली की मॉल, मॉलमधून घर, बापाचं जेवण, मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या. चार वर्षांचं पोर कात्री कशी धरतं यावर तिने अकरा पानं लिहिली. तिच्या प्राध्यापिकेने ती पानं दुसऱ्या वर्गात वाचून दाखवली. प्रत्यक्ष कामाचा तास तिने तिच्याच वर्गात केला. जे ती इतकी वर्षं करत आली होती ते तिला येतं का, हे बघायला सव्वीस वर्षांची एक मुलगी कोपऱ्यात वही घेऊन बसली आणि शेवटी म्हणाली, "तुमच्यात उपजतच आहे हं!" नडीनने आभार मानले. सगळ्या विषयांत पहिली श्रेणी. पदवीदानाला डेल हप चाकांवरचा ऑक्सिजन ओढत आला, आणि शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या मासळीच्या जेवणात दिसेल त्याला धरून सांगत सुटला, "हपांच्या घरातली पहिली पदवी आहे ही. अन् अप्लाइड आहे, साधी नाही!"

आठवड्याभरात नडीन चाळीस मैलांवरच्या चार वर्षांच्या कॉलेजात गेली. नवा ब्लाउज घातला होता. प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईने तिची गुणपत्रिका टेबलावर ठेवली, पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली सरकवत निघाली. बाई दुष्ट नव्हती. मधूनमधून "अरेरे" म्हणत होती.

"निबंधलेखन घेतो आम्ही. मानसशास्त्र घेतो. हा मुलांचा आहार, हे नाही. खेळातून शिक्षण, नाही. वर्गाची मांडणी, नाही. प्रत्यक्ष काम..."

"त्यात मला शंभरपैकी नव्याण्णव आहेत."

"हो ना, दिसतंय. पण नाही." पट्टी तळाला पोचली. "चौसष्ट क्रेडिटपैकी पंधरा."

"आणि बाकीची एकोणपन्नास?"

"ती तुमच्याकडेच राहतील," बाई म्हणाली. "असं आहे, तुमची पदवी अप्लाइड आहे. मधला तो एक शब्द. आर्ट्सची किंवा नुसत्या सायन्सची असती तर मी तुम्हाला आत्ता तिसऱ्या वर्षाला बसवलं असतं. अप्लाइडवाल्यांनी थेट नोकरीला लागायचं असतं, पुढे शिकायचं नसतं. टर्मिनल, म्हणजे तिथेच संपणारी, म्हणतात त्या पदवीला."

टर्मिनल हा शब्द नडीनने त्याआधी एकदाच, डॉक्टरच्या तोंडून, बापाच्या फुप्फुसांबद्दल ऐकला होता. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पण मी नोकरीलाच आहे," ती म्हणाली. "नोकरीला आहे म्हणूनच तर आले."

बाईने पट्टी बाजूला ठेवली. "संध्याकाळचे वर्ग घेतलेत तर साडेसहा वर्षं. वर शेवटच्या सहामाहीत पूर्ण दिवस दुसऱ्या शाळेत सराव करावा लागेल, म्हणजे आत्ताची नोकरी सोडावी लागेल. फॉर्म देऊ?"

नडीनच्या हातात तीन वर्षं होती. तिने फॉर्म घेतला, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती मॉलमध्ये गेली. गोड बोलणारा सल्लागार केव्हाच दुसऱ्या राज्यात गेला होता. त्याच्या जागी एक नवा होता, तोही गोडच बोलणारा. त्याने तिची फाईल काढली आणि एक कागद तिच्यासमोर ठेवला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: हा अभ्यासक्रम पुढील शिक्षणासाठी नाही, याची मला कल्पना आहे. त्याखाली फुली, आणि फुलीवर नडीन हप. पोरांना कित्ता म्हणून चालेल अशी गोल, सरळ, नीट सही.

"हे मला कुणी वाचून दाखवलं नाही."

"वाचून दाखवायचं नसतं, मॅडम. वाचायचं असतं," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. पण बोलून बसला होता. मग भरपाई म्हणून त्याने तिला कॉलेजचं नाव छापलेला पाण्याचा पेला दिला.

मिसेस बर्किटना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अप्लाइड घेतलंस? अगं, मला विचारायचंस ना! अप्लाइड पुढे चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं."

त्या मनापासून हळहळल्या, दोन दिवस डोळ्यांत पाणी आणून बोलत होत्या. पण "सगळ्यांना" हा शब्द नडीनच्या जिव्हारी लागला. मिसेस बर्किटचे वडील दाताचे डॉक्टर, भाऊ वकील, मुलगी कॉलेजात शिकवते. त्यांच्या घरात हे जेवणाच्या टेबलावर मीठ मागावं तसं सहज बोललं जातं. हपांच्या घरात विचारायचं कुणाला? आणि काय विचारायचं ते ठाऊक असायलाही आधी घरातलं कुणीतरी तिथे जाऊन यावं लागतं. त्या दोन पत्रकांतला फरक मिसेस बर्किटनी पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत सांगितला असता. "कॉलेज कर" म्हणाल्या, "कुठलं घेतेस" म्हणून तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्यांना ते विचारायची गोष्टच वाटली नाही. नडीन यातलं एक अक्षर त्यांच्याजवळ बोलली नाही. "चूक माझीच," एवढं म्हणाली आणि रंगाचे ब्रश धुवायला गेली.

तिने फॉर्म भरला नाही. तीन वर्षांनी मिसेस बर्किट ठरल्याप्रमाणे निवृत्त झाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "तुझ्यासाठी मी भांडलो असतो गं, पण परवान्याशिवाय माझे हात बांधलेले." जूनमध्ये जागेची जाहिरात आली, ऑगस्टमध्ये चोवीस वर्षांची मिस ऑल्डरिज आली. चार वर्षांची पदवी, स्वच्छ नखं, चांगली मुलगी. कात्र्या कुठे आहेत, सकाळी कोणत्या पोराला आधी खाऊ द्यावा लागतो नाहीतर ते चावतं, हे सगळं नडीनने तिला दाखवलं. बी आणि डीचा पलंगही दाखवला. मिस ऑल्डरिजने तो वहीत लिहून घेतला आणि पालकसभेत करून दाखवला. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

डेल हपला यातलं काहीच माहीत नव्हतं. नडीनने त्याला तीन वर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती. चालू आहे, वेळ लागतो, असं सांगत आली होती. तो रोज संध्याकाळी तिची गाडी अंगणात आली की खिडकीतून विचारायचा, "काय नडी, आज काय केलं पोरांनी?" मग ती सूप गरम करताकरता सांगायची, कोण पडलं, कोण वाचायला लागलं. आणि शेवटी त्याचा ठरलेला प्रश्न, "वर्ग कधी मिळतोय?"

पालकसभेच्या दुसऱ्या दिवशी त्याने तो विचारला आणि नडीनने चमचा खाली ठेवला.

"मिळाला. दुसऱ्याच एका मुलीला."

"म्हणजे? अन् तुझी पदवी?"

"ती चालत नाही, पॉप. अप्लाइड चालत नाही. आर्ट्स चाललं असतं. ते गुलाब चिकटवणारं."

म्हाताऱ्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. "चूक कुणाची मग?"

सल्लागार दुसऱ्या राज्यात होता. कागदावर सही तिची होती. मिसेस बर्किट फ्लॉरिडात उन्हात बसल्या होत्या. जवळ, हाताच्या अंतरावर, एकच माणूस होता. 

"तुझी," ती म्हणाली. "मी दोन्ही कागद तुझ्यापुढे ठेवले होते. तू म्हणालास हे घे."

त्याने खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली. मग नाकातली नळी सारखी करत म्हणाला, "मला वाटलं, कामाचं आहे."

"मलाही तसंच वाटलं होतं" एवढं एकच वाक्य तिने तेव्हा बोलायला हवं होतं. तिला ते सुचलंही. पण बोलली नाही. सूप वाढलं, त्याने चार चमचे घेतले आणि वाटी सरकवली.

दुसऱ्या संध्याकाळी गाडी अंगणात आली तेव्हा तो खिडकीतच होता. ती आत आली, कोट काढला, गॅस पेटवला, आणि वाट पाहिली. त्याने काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभराने तीच म्हणाली, "आज एक पोरगं पहिल्यांदा आपलं नाव लिहायला शिकलं, पॉप." तो म्हणाला, "बरं," आणि रस्त्याकडे बघत बसला. मार्चमध्ये तो गेला तोवर त्याने शाळेबद्दल एक शब्दही काढला नाही, आणि दिवस कसा गेला हे नडीनला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.