एकोणीस लाल गोल

मोबाइल खिशात थरथरत होता. थांबत नव्हता. मी मोहालीतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नर्स आहे. तेव्हा एका म्हाताऱ्या सरदारजींच्या पायाची जखम धूत होते. ड्रेसिंग संपवलं, हात धुतले आणि मोबाइल काढला.

चंदीगडमधल्या मराठी वाचकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला होता. माझ्याच लिखाणाचा. आदल्या दिवशी मी तिथं टाकलेल्या ओळी, आणि त्यांच्यावर लाल गोल. मोजले. एकोणीस.

खाली सरांनी लिहिलं होतं, 'आजचा व्यायाम : चुका शोधा. मला एकोणीस सापडल्या.'

लोक शोधत होते. 'विसावी मला सापडली सर!' 'पन नव्हे हो, पण!' 'कोणत्या शाळेत शिकल्या या?' मध्ये हसणारे पिवळे चेहरे. एकाखाली एक. नावं सगळी ओळखीची. यातल्या दोघींच्या घरी मी चहा प्याले होते.

"सिस्टरजी, सब ठीक?" सरदारजींनी विचारलं.

"हां जी," मी म्हणाले. कान पेटले होते.

सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. मुलाच्या नोकरीमुळे इकडं राहायला आलेले. ग्रुप चालवायच्या वसुधाताई. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. बाकी बँकेतले, फौजी अफसरांच्या बायका, बदलीवर आलेली घरं. माझा नवरा निमलष्करी दलात हवालदार. आम्ही परभणी जिल्ह्यातले. गावाच्या कोणत्या टोकाचे, ते इथं कुणाला सांगायची गरज नव्हती. तसं मला वाटत होतं.

ग्रुपमध्ये मी पुस्तकांसाठी आले. इथं मराठी पुस्तक मिळत नाही. वसुधाताईंकडं एक पेटी होती. प्रत्येकानं आपली पुस्तकं तिच्यात टाकायची आणि पेटी घरोघर फिरवायची. महिन्यातून एकदा सेक्टर त्रेचाळीसच्या बस स्टँडवर कुणीतरी ती माझ्या हातात द्यायचं. मी ती मांडीवर घेऊन रिक्षात बसायची. माझी पोर साक्षी घरात हिंदी बोलते. मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते. तिच्या कानावर मराठी पडावी म्हणून मी संध्याकाळी मोठ्यानं वाचायची.

त्या महिन्यात एक जुनी कादंबरी आली होती. खेड्यावरची. ग्रुपवर सगळे तिच्यावर भरभरून लिहीत होते. तिच्यात एक म्हातारी आहे. गावाबाहेरून येते, मागच्या दाराशी उभी राहते, शिळी भाकर पदरात घेते आणि हसून आशीर्वाद देते. 'किती समाधानी माणसं होती ती,' असं एकीनं लिहिलं.

मग मीही लिहिलं. पहिल्यांदाच. बोलते तसंच लिहिलं. 'ह्या पुस्तकातली म्हातारी भाकर घेताना हासती. माझी आजी पन मागच्या दाराला जायची. मी तिच्या संगं जायची. भाकर वरून टाकायचे. ती कधीच हासली नाही. मंग ह्या लेखकानं कोनाला बगीतलं?' असंच पुढं आणखी चारपाच ओळी.

प्रश्न विचारला होता मी. त्याला एकानंही उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी 'न'ला उत्तर दिलं.

दुपारी वसुधाताईंचा वेगळा मेसेज आला. 'मनाला लावून घेऊ नका हं. सर प्रेमाने शिकवतात. आणि एक, जातीचे विषय ग्रुपवर नकोत. परमुलखात आपण सगळे फक्त मराठी आहोत.'

मी परत वर जाऊन माझ्या ओळी वाचल्या. जात हा शब्द मी लिहिलाच नव्हता.

आणि मग मी काय केलं? ते सांगायला जीभ जड होते, पण सांगते. मी ग्रुपवर लिहिलं, 'सॉरी सर. चूक झाली. सुधारते.' सरांनी अंगठा दाखवला.

सुधारायला लागले. भावाला सांगून शुद्धलेखनाचं पुस्तक पोस्टानं मागवलं. साक्षीच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं फाडून त्यांची वही शिवली. ड्यूटीवर जाताना ऑटोत बसून पुटपुटायची. पाणी. आणि. कोण. म्हणून. शेजारची बाई बघायची, ही काय जप करते म्हणून. ऱ्हस्व, दीर्घ, कुठं मात्रा, कुठं अनुस्वार. तेहतीस वर्षांची बाई मी. लोकांच्या शिरा पहिल्या फटक्यात सापडतात मला. आणि घरी येऊन 'पाणी' दहादा लिहायची.

एकदा फोनवर आईला म्हणाले, "तिकडं पाणी येतं का गं नळाला?"

आई म्हणाली, "कोन बोलतंय?"

"मीच गं."

"मला वाटलं दवाखान्यातल्या बाईचा फोन हाय."

ती हसली नाही. मीही नाही. पण वही सोडली नाही. वाटायचं, एकदा नीट लिहिलं की मग ऐकतील.

आठ महिने गेले. पेटीतून एक कथासंग्रह आला. त्यातल्या एका कथेवर लिहायला बसले. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. पाचव्यांदा पक्कं झालं. दोन पानं. एकेक शब्द पुस्तकात तपासलेला. शनिवारी सकाळी ग्रुपवर टाकलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

तासाभरानं बघितलं. सरांचा मेसेज होता. 'भाषा प्रगल्भ आहे. कुठून घेतलंत?'

खाली एकानं लिहिलं, 'एआय वाटतंय सर. हल्ली सगळेच करतात यार.' आणखी एक, 'आधीचं लिखाण आठवतंय ना? इतका फरक?' मग वसुधाताई. गोड. 'वाद नको. उद्या आपली ऑनलाइन भेट आहेच. ताई, तेव्हा सगळ्यांसमोर पाच ओळी लिहून दाखवा. प्रश्नच मिटेल.'

चुकीचं लिहिलं तेव्हा माझं होतं. बरोबर लिहिलं तर ते माझं नाही.

नवरा म्हणाला, "कामून नादी लागतीस? सोड ना तो ग्रुप."

मी ऐकलं नाही. मला दाखवायचं होतं. रविवारी अकरा वाजता चांगली साडी नेसून बसले. बाजूला खोडाखोडीची वही. चारही कच्चे मसुदे दाखवणार होते, तारखांसकट. साक्षीला समोर मोबाइल धरून बसवलं. पडद्यावर चौकटी उघडत गेल्या. मागं पुस्तकांची कपाटं, कुंड्या, एकाच्या मागं तलवारी.

सर म्हणाले, "विषय देतो. दुपारचं ऊन. पाच वाक्यं. कागद कॅमेऱ्याच्या खाली धरा, आम्हाला हात दिसू द्या."

हात दिसू द्या.

मी पेन उचललं. खरं सांगते, उचललं. 'दुपारचं' लिहिलं. उकार ऱ्हस्व, शेवटी अनुस्वार, असं मनात म्हणत लिहिलं. सगळ्या चौकटी वाकून बघत होत्या. परीक्षेत पर्यवेक्षक बघतो तसं नाही. दुकानात पिशवी तपासतात तसं.

तेवढ्यात साक्षीनं विचारलं. हळू नाही, मोठ्यानंच. बारा वर्षांची आहे.

"मम्मा, ये लोग बाकी सबसे भी ऐसे लिखवाते हैं क्या?"

कुणीतरी खाकरलं. वसुधाताई म्हणाल्या, "बेटा, बडों के बीच में नहीं बोलते."

पोर माझ्याकडं बघत होती. त्यांच्याकडं नाही. तिला उत्तर माझ्याकडून पाहिजे होतं. आणि उत्तर मला माहीत होतं. नाही. बाकी कुणाकडून नाही. आठ महिने मी ज्याला अभ्यास म्हणत होते, तो अभ्यास नव्हता. अर्ज होता. माणसात घ्या म्हणून. आणि आज मी त्या अर्जाला पुरावे जोडत होते, माझ्या पोरीच्या हातात मोबाइल देऊन.

मी पेनचं टोपण लावलं.

"नाही लिहिनार," म्हनले. 'न'च आला तोंडात. येऊ दिला.

"अहो, यात अपमान काय?" सर म्हणाले. "खरं असेल तर भीती कसली?"

"सर, तुमी लिहिता तवा तुमचा हात कोन बगतं?"

"हे बघा, विषय भरकटवू नका."

"विषय मी आठ महिन्यामागं काडला व्हता. त्या लेखकानं कोनाला बगीतलं, आसं इचारलं व्हतं. तुमी माझे 'न' मोजले. माझं उत्तर कुठाय?"

सरांचे ओठ हलले. ते काय म्हणाले ते मला कळलं नाही, कारण मी बोलतच होते. मग साक्षी म्हणाली, "मम्मा, इन्होंने तुम्हें म्यूट कर दिया." माइकवर लाल रेघ आली होती. तिनं ती काढली. परत आली. परत काढली. परत आली.

मी कॅमेरा बंद केला नाही. भेट संपेपर्यंत समोर बसून राहिले. ते दुसऱ्या एका पुस्तकावर बोलत होते. मधूनमधून त्यांची नजर माझ्या चौकटीवर यायची आणि उडायची. साक्षीचा हात दुखला तसा तिनं मोबाइल डब्याला टेकवला आणि माझ्या बाजूला येऊन बसली.

सोमवारी वसुधाताईंचा फोन आला. आवाज तसाच गोड.

"तुम्ही स्वतःहूनच बाहेर पडलात तर बरं दिसेल. कुणाच्याच मनात कटुता राहायला नको."

"ताई, मी जानार नाही. काडायचं आसंल तर तुमी काडा. पन ग्रुपवर कारन लिहून काडा."

"असं कसं लिहिणार?"

"मंग राहू द्या."

दुपारी ग्रुपमधल्या एका बाईनं मला एकटीला मेसेज केला. 'तुमचं बरोबर होतं. मला फार वाईट वाटलं.' मी उत्तर दिलं, 'हेच ग्रुपवर लिहा.' निळ्या खुणा आल्या. पुढं काही आलं नाही.

पेटी आता माझ्याकडं येत नाही. माझी पाळी आली की ती दुसऱ्या घरी जाते. भाऊ पोस्टानं पाठवतो ती पुस्तकं वाचते. वाचते आणि ग्रुपवर लिहिते. दर रविवारी, सकाळी. शिकलेलं शुद्धलेखन टाकून दिलेलं नाही, घाम गाळून मिळवलंय ते. कधी तसं लिहिते, कधी आईशी बोलते तसं. कोणत्या दिवशी कसं, ते मी ठरवते. कुणी उत्तर देत नाही. अंगठासुद्धा नाही. पण सगळे वाचतात. कुणी वाचलं त्याची यादी दिसते मला. सरांचं नाव पहिल्या पाचात असतं.

नवरा अजून म्हणतो, कशाला राहतीस जिथं कुणी बोलत नाही तिथं? त्याला मी सांगितलं. मला काढायला त्यांना कारण लिहावं लागेल. खरं कारण, सगळ्यांसमोर, खाली आपलं नाव घालून. इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसांना ते एक वाक्य लिहिता येत नाही. जोवर ते लिहीत नाहीत, तोवर मी तिथून हलणार नाही. आणि लिहिलं, तर ते सगळ्यांना वाचून दाखवीन.